शेवटच्या कातरणीची लोकर

५ ऑक्टोबर

पिशवी आली. म्हसवडच्या गाडीच्या कंडक्टरने स्टँडवर हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकला. रिक्षात मांडीवर घेऊन बसले तर रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. खताच्या गोणीत बांधलेल्या चार जाडजूड लच्छ्या. काळी लोकर, हाताने कातलेली. आत कुसळं, वाळकं गवत, एक लेंडीसुद्धा. आणि वास! दार उघडून आत गेले तो हॉल भरून गेला.

पोचली म्हणून सांगायला दादाला फोन लावला. आईनेच घेतला. "आपल्या मेंढरांची शेवटली लोकर हाय बघ ती. पावसाआधी कातरली आन् मग आकारामनं कळप इकला. राखायला कोन ऱ्हायलंय? आखाडापास्नं कातत हुते मी. आता अपेक्षाच्या बाळाला इण काय तरी. बाळ पयल्यांदा आपल्या लोकरीवर ठेवायचं असतंय. ध्यानात हाय न्हवं?"

आहे ध्यानात. मला तसंच ठेवलं होतं, आकारामदादालाही. माझ्या अपेक्षाच्या वेळी सासूबाईंनी दुलई आणली आणि मी गप्प बसले.

अपेक्षाचं बाळंतपण इथे सांगलीत, माझ्याकडे. तारीख डिसेंबरच्या सुरुवातीची. वेळ भरपूर आहे.

६ ऑक्टोबर

थंडीची बॅच आजपासून. चार ते सहा, सात बायका. गेल्या वर्षी सगळ्यांना पिस्ता रंग हवा होता, यंदा सगळ्यांना वाइन! पहिल्या दिवशी मी नेहमीचंच सांगते. ऑक्टोबरच्या उन्हात लोकर हातात धरू नका, घामाने टाके सुईला चिकटतात. दिवाळीपर्यंत सुती धाग्यावर हात बसवा. नोव्हेंबरात थ्री प्लाय, म्हणजे तीन पदरी लोकर. फोर प्लायचा हट्ट करू नका, ही सांगली आहे, सिमला नाही. पहाटे नदीकडून गारठा येतो तेवढाच, दहा वाजता स्वेटर काढून स्कूटीच्या डिकीत जातो. म्हाताऱ्यांना बिनबाह्यांचं. लहानांना पुढून उघडणारं.

आणि शेवटी धुण्याचं. गार पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही. लोकर एकदा आटून गच्च बसली की बसली. हे मी दरवर्षी बोट उगारून सांगते.

गोणी गॅलरीत ठेवली आहे, दार लावून.

९ ऑक्टोबर

बायका बसल्या होत्या. साक्षी, नवीन आलेली, बँकेत आहे, तिने नाकाला ओढणी लावली. "काकू, गॅलरीत काही मेलंय का?"

मी म्हणाले, शेजारच्यांचं असेल काहीतरी.

काय हे. माझ्या आईच्या हातची लोकर, आणि मी म्हणाले शेजारच्यांचं! ते शेजारी तरी बिचारे कुठले, कोकणात गेलेत आठ दिवस.

हे संध्याकाळी मार्केट यार्डातून आले. हळदीच्या पेढीवर दिवसभर बसून शर्ट पिवळा, डोक्यावर पिवळी धूळ, घरभर हळदीचा वास. त्याची लाज ना यांना, ना मला. म्हणाले, "अगं, ती गोणी तेवढी काहीतरी कर."

खरं तर नवीन नाही हे. बायका विचारतात, काकू, तुमचं माहेर कुठलं? मी सांगते, साताऱ्याचं. खोटं नाही ते. म्हसवड सातारा जिल्ह्यातच येतं. पण ऐकणारी समजते सातारा शहर, राजवाडा, कंदी पेढे. मी तिला समजू देते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, सव्वीस वर्षं समजू देतेय. यांच्याकडची मेंढरं यांच्या आजोबांच्या काळातच सुटली, त्यामुळे इथे कुणी ते नाव काढत नाही. मीही काढलं नाही. अपेक्षाच्या सासूबाई तर साताऱ्याच्याच, अस्सल. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "अरे वा, म्हणजे आपण एकाच गावच्या की!" मी हसले फक्त.

११ ऑक्टोबर

लिहायला हात धजत नाही.

आज चार वाजता बायका यायच्या होत्या. दोन वाजता मी चारही लच्छ्या वॉशिंग मशीनमध्ये टाकल्या. साठ डिग्री. कपड्यांची पावडर, वर शांपूची अर्धी बाटली. वास गेला पाहिजे, एवढंच डोक्यात. बटण दाबलं आणि वाइन रंगाचे नमुने काढत बसले.

तासाभराने दार उघडलं. लच्छ्या नव्हत्याच. चार काळे गोळे होते, नारळाएवढे, घट्ट. धागा धाग्याला धरून बसला होता. कुठे टोक सापडेना.

मी केलं हे! मी, जी बोट उगारून सांगते. एखाद्या शिकाऊ बाईने केलं असतं तर मी वर्षभर तिचं उदाहरण दिलं असतं.

बायका आल्या तेव्हा हॉलमध्ये लव्हेंडरचा वास होता. साक्षी म्हणाली, आज छान वाटतंय.

१२ ऑक्टोबर

सकाळपासून सोडवतेय. गार पाण्यात भिजवले, कंडिशनर लावला, जाड सुईने, बारीक सुईने, क्रोशाच्या हुकाने. दुपारपर्यंत वीतभर धागा निघाला, तोही तुटून. मग रडले. गोळे जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकले आणि ट्रंक पलंगाखाली सारली.

१४ ऑक्टोबर

आईचा फोन. "कुठवर आलं?"

"टाके घातलेत," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"टोचंल व्हय गं बाळाला?"

"नाही गं, मऊ आहे."

मग दादाने फोन घेतला. बाहेर येऊन बोलत असावा, वारा ऐकू येत होता. "तिचा उजवा आंगठा आता वळत न्हाई बग. दवाखान्यात नेलंतं. कातायची चाती हातात धरायची न्हाई म्हणाले डाक्टर. ती म्हणती, झालं माझं कातून, रेश्मीकडं पोचलं की बास."

म्हणजे पुन्हा कातणं नाही. मेंढरंही नाहीत. त्या ट्रंकेत आहे तेवढंच होतं.

सांगायचं होतं मला. तेव्हाच सांगायचं होतं. दादा "ठेवू का?" म्हणाला आणि मी म्हणाले ठेव.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. अपेक्षा आली परवा, पोट हे एवढं, पाय सुजलेले. आल्या आल्या, "आई, आजीची लोकर बघू?" धुवायला टाकलीय म्हणाले. तिलाही खोटंच.

गावातली सगळी दुकानं पालथी घातली. काळा रंग मिळतो, पण तो छत्रीचा काळा. आईच्या लोकरीचा काळा उन्हात तपकिरी दिसतो, त्यात एखादा करडा केस असतो. अ‍ॅक्रिलिक चमकतं. आईने हातात घेतलं तर घेतल्या क्षणी टाकून देईल. एका दुकानदाराने विचारलं, "ताई, एवढं बारकाईनं काय जुळवताय?" काय सांगू?

शेवटी ऑनलाइन मागवली. मेरिनो, शंभर टक्के खरी लोकर, परदेशी मेंढीची. काळी, गडद तपकिरी आणि करडी, तिन्ही एकदम सुईवर घेऊन विणायचं. नमुना विणून खिडकीत धरला. जमलंय. मला आनंद झाला! इतका आनंद की स्वतःचीच किळस आली.

३ नोव्हेंबर

हवा बदलली. सकाळी ओठ फुटल्यासारखे होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या सुया गार लागायला लागल्या, बांबूच्या काढल्या.

बाळाचं पांघरूण घेतलंय, सव्वा हात बाय सव्वा हात. सगळीकडे साबुदाणा टाका, म्हणजे उलट-सुलट दोन्हीकडून सारखं दिसतं. पण काठाला काय करावं सुचेना. मग आपोआप हात पांढऱ्याकडे गेला. माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या घोंगडीला काठाजवळ दोन बारीक पांढऱ्या रेघा होत्या. अप्पा पावसात ती डोक्यावर घेऊन यायचे, आम्ही दोघं भावंडं आत शिरायचो. तेव्हा वास आला नाही मला कधी. किंवा आला असेल, तो अप्पांचाच वाटला असेल.

दोन पांढऱ्या रेघा घातल्या. इतकं सुंदर काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही. आणि ते खोटं आहे.

१४ नोव्हेंबर

विणून झालं. टाके बंद केले. मऊ, वजनाला हलकं, रंग बेमालूम. फक्त वास नाही. दुकानाचा वास येतोय, प्लॅस्टिकच्या पिशवीचा.

मग मी काय केलं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार नाही. पलंगाखालची ट्रंक ओढली. शांपू लावूनही त्या गोळ्यांच्या पोटात वास शिल्लक होताच. त्यांच्यामध्ये पांघरूण घडी करून ठेवलं आणि झाकण लावलं. जो वास घालवायला हे सगळं केलं, तोच आता उसना घेतेय.

२३ नोव्हेंबर

म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघाला. आईने फोनवरून घंटा, माणसांचा गलबला सगळं ऐकवलं. "देवाला सांगितलंय तुझ्या इणण्याचं," म्हणाली.

आता देवालाही माहीत. ठीक आहे.

२ डिसेंबर

मुलगी झाली. सकाळी सात चाळीसला. दोघी सुखरूप. केस भरपूर, रडणं खणखणीत. दवाखान्यात अपेक्षाने पांघरूण मागितलं. म्हणाले, बारशाला, पणजीच्या हातून. तेवढाच काय तो अकरा दिवसांचा वेळ मिळाला.

१२ डिसेंबर

आई आणि दादा आले. आई एसटीतून उतरली तशी थेट पाळण्यापाशी. पदर कमरेला खोचला, हात धुतले, मगच बाळाला घेतलं. आंगठा खरंच वळत नाही. चार बोटांनीच धरते सगळं, चहाचा कपसुद्धा.

"पांगरून दाव की."

"उद्या, आई. आत ठेवलंय बांधून."

"बरं," म्हणाली. ती कशालाही बरं म्हणते.

१३ डिसेंबर

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

हॉल भरलेला. विहीणबाई साताऱ्याहून दहा माणसं घेऊन आल्या होत्या, जरीची साडी, मोत्याची नथ. माझ्या क्लासच्या सातही जणी होत्या. आई खिडकीजवळ खुर्चीत, हिरवं लुगडं, हात मांडीवर. मी पांघरूण बाहेर आणलं आणि पाळण्याशेजारच्या गादीवर पसरलं.

विहीणबाई वाकल्या. "किती सुरेख! आणि काय हो हे मऊ! रेश्माताई, लोकर कुठून आणली? मलाही हवी."

आई माझ्याकडे बघत होती. साक्षी बघत होती. ऑनलाइन आणली म्हणाले तर आईसमोर मेले. काही न बोलता हसले तर आई तीन महिने जे कातत बसली तेही गेलं. मला लपायला जागाच उरली नव्हती.

मी म्हणाले, "आमच्या मेंढरांची आहे. माझ्या आईनं कातलीय. माहेर आमचं म्हसवडचं. मेंढरं होती आमची, शंभरावर. वडील माझे जन्मभर त्यांच्यामागे फिरले."

विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, मला वाटलं तुम्ही साताऱ्याच्या." मी म्हणाले, "नाही. माणदेशातल्या." माझा आवाज मोठा निघाला असणार, कारण हे स्वयंपाकघरातून बाहेर आले.

विहीणबाई आईजवळ गेल्या आणि वाकून नमस्कार केला. "आजी, या वयात एवढं कातलंत?" क्लासच्या बायकाही गोळा झाल्या. एकीने चाती कशी असते विचारलं. आई हवेत बोटं फिरवून दाखवत होती, आंगठ्याशिवाय.

मग आई उठली. पांघरुणाला हात लावला. एक कोपरा बोटांत धरून चोळला. नाकाजवळ नेला. पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिचा चेहरा काही सांगत नव्हता. तिने वर बघितलं, माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. मग म्हणाली, "लय ग्वाड इणलंयस." बाळाला घेतलं आणि त्यावर ठेवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव ठेवलं, मुक्ता. मी पेढे वाटले.

१४ डिसेंबर

गेले दोघं सकाळच्या गाडीने. आई जाताना पांघरुणाबद्दल एक शब्द बोलली नाही. माझ्या गालावरून हात फिरवला.

फसली का ती? फसली असेल तर मी म्हाताऱ्या बाईला फसवलं. नसेल फसली तर तिने भरल्या घरात माझी अब्रू राखली. यातलं कुठलं बरं, मला ठरवता येत नाही.

२० डिसेंबर

साक्षीने आज क्लासनंतर थांबून विचारलं, "काकू, तुमच्या आईकडची लोकर आम्हाला विणायला मिळेल का? थोडीशी?"

नाही गं, संपली.

लोकरीबद्दल हे एक खरं बोलले या अडीच महिन्यांत.

२८ डिसेंबर

थंडी आता खरी पडलीय. पांघरुणात मुक्ता छान झोपते, टोचत नाही, पुरळ नाही. अपेक्षा सगळ्यांना फोटो पाठवते, खाली लिहिते, पणजीची माया. प्रत्येक फोटो मी उघडते आणि लगेच बंद करते. काल आईला फोन केला, ती मुक्ताचं विचारत राहिली, दूध पिते का, ढेकर काढतेस का. मी दोनदा तोंड उघडलं. दोनदा दुधाचंच सांगितलं.

फोनवर नाही होणार हे. तिच्यासमोर बसून सांगायला पाहिजे.

४ जानेवारी

म्हसवडला आलेय. यांना सांगितलं, आईचा आंगठा बघून येते. ट्रंकेतले चारही गोळे त्याच खताच्या गोणीत भरून आणले. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं, लोकर हाय व्हय? म्हणाले, हो, आमची.

आई ओट्यावर उन्हाला बसली होती. समोरचा मेंढरांचा वाडगा रिकामा. काटे लावलेलं कुंपण अजून आहे, आत नुसती माती. मी गोणी तिच्यासमोर उलटी केली. एकही गोष्ट गाळली नाही. मशीन, शांपू, साक्षीचं नाक, शेजारी, परदेशी लोकर, ट्रंकेतला वास. बोलताना मी रडत होते, पण बोलायचं थांबले नाही. दादा आत निघून गेला.

तिने एक गोळा हातात घेतला. चार बोटांनी दाबून बघितला. "गरम पान्यात घातलीस व्हय," एवढंच म्हणाली. मग उठून भाकरीचं पीठ काढायला गेली. आता झोपलीय. मला माफ केलं का नाही, मी विचारलेलं नाही.

५ जानेवारी

सकाळी चहा देताना विचारलं. आई, बारशाला हात लावलास तेव्हा कळलं होतं?

"हात लावायच्या आधीच कळलं. तसली मऊ लोकर आपल्या मेंढराला कवा आली?"

मग बोलली का नाहीस तिथे?

"तू समद्या बायांत म्हणालीस, मेंढरं हुती आमची. लगीन झाल्यापास्नं तुझ्या तोंडनं पयल्यांदा ऐकलं मी. लोकर खोटी हाय म्हणून सांगितलं असतं, तर त्या बायांनी मेंढरांचंबी खोटंच धरलं असतं की गं."